केलिन म्हणजे आलेली

रिसोलत-ओयीच्या घरात, बसायच्या खोलीच्या भिंतीला एक खिळा आहे. त्या खिळ्याला पांढऱ्या फडक्यात बांधलेला एक नान कैक वर्षं टांगलेला होता. कडेचा एकच घास तोडलेला. तो घास होशिमजानचा. ओयी म्हणजे आई; होशिमजान तिचा एकुलता मुलगा आणि अंझिरतचा नवरा. रशियात बांधकामावर निघाला तेव्हा उंबऱ्यात उभं राहून त्यानं तो घास घेतला आणि उरलेला नान आईच्या हातात दिला. अक्तेरक गावात लांबच्या वाटेला लागणारा माणूस असंच करतो. उरलेला नान त्याची वाट बघतो. परत आला की त्यानंच तो संपवायचा, तोवर दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही.

एवढ्या वर्षांत तो नान असा दगड झाला होता की चोराच्या डोक्यात घातला असता तर चोर आडवा झाला असता. दर नवरोजच्या आधी अंझिरत त्याचं फडकं बदलायची. फडकं धुताना तिच्या मनात यायचं, या घरात सगळ्यात जास्त जपलं गेलं असेल तर ते हे शिळं पीठ. माणसं त्यामानानं वाऱ्यावरच होती. पण हे ओयीसमोर बोलायची सोय नव्हती. सकाळचा पहिला चहा ओयी त्या खिळ्याकडे तोंड करूनच प्यायची.

त्या घरात राहायच्या त्या दोघीच. मूल झालं नाही. ओयीनं त्यावरून सुनेला कधी एक शब्द लावला नाही, आणि गावातल्या बायकांनी लावला तर त्यांना चहा न विचारता वाटेला लावलं. अंझिरत उजाडायच्या आत अंगणातला तंदूर पेटवायची. पेटवला की आधी समोर बघायची. समोर कालवा, कालव्याकाठी पांढऱ्या सालीचे चिनार, चिनारांच्या पलीकडे दुसरा धूर. तो पलीकडच्या अक्तेरकचा. गाव एकच होतं खरं तर. पलीकडचं आणि अलीकडचं. पलीकडे तिचं माहेर, अलीकडे सासर, आणि मध्ये लाकडी पूल.

आता पूल नव्हता. तार होती.

पूल होता तेव्हाची गोष्ट सांगायची तर तिच्या लग्नापासूनच सांगावी लागते. कापसाची वेचणी संपली होती, अंगणाअंगणात बिहीची फळं पिवळी झाली होती. नवरीसाठी सजवलेली मोटार आणली होती, पण पुलावरून एका वेळी एकच गाढवगाडी जायची. मोटार पुलाशी थांबली. ड्रायव्हर कुरकुरला, "एवढ्याशा वाटेसाठी सकाळपासून फिती बांधतोय मी! आधी सांगितलं असतं तर खांद्यावर घालून नेली असती नवरी." सगळ्या वऱ्हाडात हशा पिकला. मग नवरी चालत निघाली. पुढे लांब तुताऱ्या, मागे डफ, आणि बुरख्यातून अंझिरतला फक्त आपल्या पायांखालच्या फळ्या दिसत होत्या.

पुलाच्या मध्यावर फळ्या थांबल्या. समोर दोरी.

दोरी ताणून उभा होता मामासोली. तो दोन्ही काठांचा पाटकरी, वडीलधारा म्हणून सगळ्यांचा 'ओता'. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं हे तोच ठरवायचा, म्हणून दोन्हीकडचे लोक त्याला भ्यायचेही आणि जेवायलाही बोलवायचे. नवरीची वाट अडवून दस्तूर मागायचा रिवाज इथे सगळ्याच लग्नांत असतो. पण मामासोलीनं पाण्याच्या दरवाजाची जाडजूड दोरीच सोडून आणली होती.

"कोण ती पलीकडची? दस्तूर टाकल्याशिवाय अलीकडे पाऊल पडणार नाही!"

अंझिरतच्या मामानं भरजरी रुमाल पुढे केला.

"रुमालानं नाक पुसलं जाईल, पोटाचं काय? केलिननं कबूल करावं. पहिल्या तंदूरचा पहिला नान माझा!"

नवरीनं त्या दिवशी बोलायचं नसतं. मान खाली, तोंड बंद, असाच रिवाज. बायका एकमेकींना चिमटे काढत होत्या. आणि बुरख्यातून आवाज आला, "दोरी खाली ठेवा, ओता, तर नान गरम मिळेल. धरून बसलात तर गार."

मामासोलीच्या हातातून दोरी सुटली ती हसण्यामुळे. अलीकडच्या टोकाला रिसोलत-ओयी उभी होती. तरुण वयात विधवा झालेली, घरात एक अबोल मुलगा. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बोलकी आहे. बरं झालं बाई. माझ्या घरात बोलायलाच कुणी नव्हतं."

केलिन म्हणजे सून. पण शब्दाच्या पोटात शिरलं तर केलिन म्हणजे 'आलेली'. अंझिरत आली ती अशी.

पुढची काही वर्षं ती आली की गेली हेच कळू नये अशी होती. सकाळी तंदूरमधून नान काढायचे, त्यातला एक फडक्यात गुंडाळायचा, आणि पूल ओलांडून आईच्या हातात द्यायचा. हातात पडेपर्यंत तो गरम असायचा. आई नान ठेवून घ्यायची, पण फडकं रिकामं परत पाठवायची नाही. उन्हाळ्यात तुती, पावट्याच्या दिवसांत पावटे, काहीच नसलं तर अंगणातल्या तुळशीचे चार तुरे. नानवर नक्षी उठवायचा काट्यांचा ठसासुद्धा अंझिरतनं आईचाच आणला होता. ओयी नान उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "पीठ माझं, पाणी माझं, सरपण माझं, आणि शिक्का मात्र तुझ्या आईचा! म्हणजे माझ्या घरात राज्य कुणाचं?"

चूक झाली ती याच सुखाच्या दिवसांत, आणि चूक म्हणावी अशी ती कुणाला वाटलीच नाही. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचं नाव नव्या पत्त्यावर चढवून घ्यायचं असतं. अंझिरतचे वडील दादावोय म्हणाले, "पूल ओलांडला म्हणून तालुक्याला खेटे घालायचे? उद्या वाऱ्यानं माझी टोपी पलीकडे उडाली तर टोपीचीही नोंद करू का?" सगळे हसले. मुल्लानं निका लावला होता, सगळ्या गावानं पलाव खाल्ला होता, आणखी कसली नोंद? अंझिरतचं नाव बापाच्या पत्त्यावरच राहिलं. अक्तेरकमध्ये अशा केलिन घरटी एक होत्या.

मग तो भला मोठा सोव्हिएत देश मोडला. दूर कुठे तरी, मोठ्या टेबलाशी बसलेल्या माणसांनी मोडला. अक्तेरकला कुणी विचारायला आलं नाही. कालव्याच्या पलीकडे उझबेकिस्तान झाला, अलीकडे किर्गिझस्तान. जुने पासपोर्ट बदलले तेव्हा ज्याचं नाव जिथे, त्याला तिथला कागद मिळाला. अंझिरत राहायची अलीकडे, कागद पलीकडचा. तरी पूल होता, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मग पुलावर एक शिपाई आला. मग दोन आले. मग एका वसंतात फळ्या उचलल्या, खांब कापले आणि तार ओढली.

त्याच वर्षी तिची आई गेली. अंझिरतला निरोप कुणी दिला नाही. तिला रडणं ऐकू आलं. कालव्यापलीकडून बायकांचं रडणं आलं, आणि त्यात आपल्या मावशीचा आवाज तिनं ओळखला. ती तारेपाशी धावली. तिकडचा शिपाई कोवळा पोर होता. तो मान खाली घालून, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "ओपा, मला हुकूम नाही." पासपोर्टची खरी चौकी शहराच्या बाजूला, तिथून वळसा घालून ती पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. फडकं तिनं नेलं होतं सोबत. नानसकट तसंच परत आणलं.

तेव्हा होशिमजाननं धावपळ केली. हे त्याच्या पदरात घालायलाच हवं. त्यानं सरकारी कचेरीत लग्नाची नोंद करून घेतली, इतक्या वर्षांनी, आणि अंझिरतला कायम राहण्याचा परवाना काढून दिला. परवान्यावर लिहिलं होतं, परदेशी पत्नी. परदेशी! जिच्या माहेरचा कोंबडा आरवला की सासरी जाग यायची, ती परदेशी. पण त्या कागदावर ती निर्धास्त जगली. नवरा रशियाला गेला, आधी दर महिन्याला फोन यायचा, मग सणाला, मग सणालाही नाही.

आणि एका शरदात फोन आला. दोघी अंगणात अक्रोड फोडत बसल्या होत्या. हात काळे झालेले, म्हणून अंझिरतनं कोपरानं फोनचं बटण दाबलं आणि आवाज मोठा ठेवला.

होशिमजाननं सुरुवात हवापाण्यापासून केली. मग म्हणाला, "इथे कायमचं राहायचं तर कागद लागतो."

"मग काढा की."

"काढायचा तर इथल्या बाईशी लग्न नोंदवावं लागतं. तामारा म्हणून आहे. बरी आहे. पण त्याआधी इथल्या कोर्टात आपलं मोडावं लागेल."

अक्रोडाचं कवच ओयीच्या हातात तसंच राहिलं. अंझिरत म्हणाली, "म्हणजे घर तिचं, गाव तिचं, आणि तुम्ही तिच्या नावावर राहणार."

"तसंच समज."

"मग तुम्हीही केलिनच झालात म्हणा की!"

दुसरी कुणी असती तर रडली असती. हिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यानंच त्याचं डोकं फिरलं. फोनवरच त्यानं तो शब्द उच्चारला. एकदा नाही, तीनदा. वर म्हणाला, "कोर्टाचा कागद येईल. सही करून पाठव." फोन बंद झाला. ओयीनं अक्रोड फोडला. आतून किडका निघाला, तो तिनं कोंबड्यांना टाकला.

गावानं तलाक झाला असं धरलं. बायका येऊन बसल्या, हळहळल्या, मुल्लाच्या बायकोनं इद्दतचे दिवस पाळायला सांगितले. माहेरी जा म्हणायला सगळ्याच तयार होत्या. पण माहेर कुठे होतं? वडीलही गेले होते, पलीकडची कालव्याकाठची घरं तारेसाठी केव्हाच पाडली होती, भाऊ लांबच्या शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत. तो फोनवर "ये" म्हणाला. ज्या आवाजात म्हणाला त्या आवाजात माणूस पावसात उभ्या पाहुण्यालाही घरात घेत नाही.

अशात परवान्यावर दरसालचा शिक्का मारून घ्यायचे दिवस आले. कचेरीत खिडकीमागे बुरुल-एजे बसायची. एजे म्हणजे त्यांच्यात ताई. किर्गिझ बाई, जाड भिंगांचा चष्मा, खिडकीत जेरेनियमची कुंडी. तिनं न बघताच विचारलं, "लग्न कायम?"

"नाही. तलाक झाला."

बुरुल-एजेनं मान वर केली. "कागद कुठंय?"

"कागद नाही. फोनवर म्हणाला. तीनदा."

"फोनवर माझा नवरा मला दिवसातून तीनदा म्हातारी म्हणतो. म्हणून मला पेन्शन लागू होते का?" मागे रांगेत कुणी तरी खिदळलं. "बाई, सरकारच्या लेखी तू अजून बायको आहेस. शिक्का घे आणि जा. आणि तो कोर्टाचा कागद येईल ना, त्याला हात लावू नकोस. तू सही दिलीस, घटस्फोट झाला, की हा परवाना कशावर उभा? बायकोपणावर. तेच गेलं तर मला तुला म्हणावं लागेल, पलीकडे जा. मला म्हणायचं नाहीये."

"पण मी त्याची बायको नाही, एजे. आहे असं लिहून कसं देऊ?"

"कधी खोटं बोललीच नाहीस का जन्मात?"

"बोलले की. पिठात पाणी जास्त झालं तर ओयीला पीठच वाईट सांगितलं. पण ते तोंडानं. सही करून नाही बोलले."

बुरुल-एजेनं चष्मा काढला. बाई चिडकी होती पण मनानं वाईट नव्हती. या खिडकीवर तिनं पुष्कळ रडणाऱ्या बायका बघितल्या होत्या. ही रडत नव्हती, उलट वाद घालत होती, म्हणून तिला जरा बरं वाटलं असावं.

"तू इथे आलीस कधी?"

"लग्नात."

"लग्नाची नोंद तर अलीकडची दिसतेय."

"नोंद नंतर केली. लग्न फार आधीचं."

"तेव्हा सीमेवर शिक्का नव्हता मारला?"

"सीमा कसली? पूल होता."

बुरुल-एजेनं लेखणी खाली ठेवली. "हे आधी का नाही सांगितलंस? तो देश एक होता तेव्हापासून जी माणसं इथे राहतात आणि सोडून गेली नाहीत, त्यांना स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. नवरा असो नसो. मग खुशाल सही दे तुझ्या त्या कागदावर. पण साक्षी लागतील. एक बाहेरचा माणूस, आणि एक ज्याच्या घरात राहतेस त्या घराचा मालक. घर कुणाच्या नावावर?"

"ओयीच्या."

"मग तिला घेऊन ये. वसंतापर्यंत मी तुझा कागद ढिगाच्या तळाशी ठेवते."

एवढं सोपं. म्हातारीनं यायचं, एक वाक्य बोलायचं.

संध्याकाळी अंझिरतनं सगळं सांगितलं. ओयीनं ऐकून घेतलं, चहा ओतला, आणि खिळ्याकडे बघत बसली. हो नाही, नाही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कोर्टाचा कागद आला. तो अंझिरतनं घडीही न उघडता शेल्फवर ठेवला, आणि तेव्हा तिला कळलं ओयी गप्प का आहे ते.

अंझिरतनं सही दिली नाही तर होशिमजानचं तिकडचं लग्न अडणार. लग्न अडलं की कागद अडणार. कागद नसलेल्या माणसाला रशियात आज ना उद्या धरतात आणि गाडीत बसवून घरी पाठवतात. घरी म्हणजे इथे, या खिळ्याखाली. ओयीनं साक्ष दिली तर सून मोकळी होणार आणि मुलगा कायमचा जाणार.

"ओयी," अंझिरत म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं. नाही करत सही."

"आणि कचेरीत बायको म्हणून लिहून देशील?"

"तुमच्यासाठी देईन."

"सही करून खोटं बोलत नाहीस ना तू?"

"तुमच्यासाठी बोलेन म्हटलं ना."

म्हातारीनं वाटी खाली ठेवली. "घाई करू नकोस. आई आहे मी. मला जरा वाईट होऊन बघू दे."

त्या हिवाळ्यात दोघी एकमेकींशी इतक्या जपून बोलल्या की घर परकं वाटायला लागलं. पिठावरून भांडण नाही, शिक्क्यावरून टोमणा नाही. अंझिरत तंदूर पेटवायची, पलीकडचा धूर बघायची आणि मनात म्हणायची, आणखी एक वसंत इथे बघायला मिळेल का. अंगणातलं जर्दाळूचं झाड तिनंच लावलेलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, आईनं फडक्यात बांधून दिलेल्या बाठीपासून.

थंडी ओसरताना फोन आला. या वेळी होशिमजानला आईशी बोलायचं होतं.

"ओयी, तिला सही करायला सांग. माझं सगळं अडलंय इथे."

"सांगते. तू येणार आहेस का?"

"कागद झाला की येईन ना. आठवडाभर येईन, बघून जाईन."

"बघून जाशील," ओयी म्हणाली.

"हो, म्हणजे..."

"तुझा नान टांगलाय अजून."

मग होशिमजाननं विचारलं, आणि खरंच न कळून विचारलं, "कुठला नान?"

ओयीनं फोन अंझिरतच्या हातात दिला आणि परसात निघून गेली. बराच वेळ ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. दाणे संपले तरी टाकत होती.

सकाळी तिनं पेटीतून लग्नाकार्याचा रेशमी रुमाल काढून डोक्याला बांधला. "चल. कुठे द्यायची साक्ष? आणि त्या मामासोलीला उठव. दोरी ताणायला बरा पुढे होता."

मामासोली आता म्हातारा झाला होता. पाटकऱ्याचं काम मुलानं घेतलेलं, डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, आणि ज्या कानाला ऐकू यायचं तोही तो सोयीनं वापरायचा. कचेरीत त्यानं आधी जेरेनियमच्या कुंडीत बोट घालून माती बघितली. "पाणी जास्त घालतेस, पोरी. मुळं कुजतील."

"ओता, साक्षीला आलात की बागेला?" बुरुल-एजे म्हणाली. मग ओयीकडे वळली. "ही तुमची कोण?"

"केलिन."

"ती म्हणते तलाक झाला. तलाक झाल्यावर केलिन कशी?"

"केलिन म्हणजे आलेली," ओयी म्हणाली. "ती आली. गेला तो. गेलेल्यासाठी आमच्याकडे शब्द नाही."

बुरुल-एजेनं हे लिहिलं नाही, पण दोनदा मान हलवली. "कधी आली?"

ओयीला सालं सांगता येत नव्हती. ती मामासोलीकडे बघायला लागली. मामासोलीचा थट्टेखोर चेहरा एकदम उतरला. तो सावकाश म्हणाला, "ज्या उन्हाळ्यात इथे शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर गेला, त्याच्या आदल्या शरदात."

साक्षीला आलेली तिघं उझबेक, खिडकीमागची किर्गिझ, आणि त्या उन्हाळ्यात हेच दोन शेजारी एकमेकांवर उठले होते. ते साल त्या मुलखात कुणाला आकड्यात सांगावं लागत नाही. बुरुल-एजेनं चष्मा पुसला, परत घातला, आणि साल लिहिलं.

"त्या उन्हाळ्यात ही कुठे होती?"

"माझ्या घरात," ओयी म्हणाली. "तंदूर विझू दिला नाही हिनं. जो दारात आला त्याला नान दिला. तुमचा असो, आमचा असो."

"आणि ती आली ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं, ओता?"

"बघितलं? अगं, मीच अडवली तिला पुलावर!" मामासोलीच्या अंगात परत जीव आला. "या सरकारची चौकी आत्ता आत्ताची. पहिली चौकी माझी. दोरी ताणून उभा होतो."

"मग सोडलीत कशी?"

"दस्तूर घेऊन. एक नान."

"गरम?"

"नाही तर काय! तिच्या बोलीवरच सोडली."

बुरुल-एजे हसली आणि हसताहसताच तिनं शिक्का उचलला. नानवरच्या ठशासारखाच गोल होता तो, फक्त काटे नसलेला. अंझिरतनं त्याच खिडकीवर उभं राहून कोर्टाच्या कागदावरही सही केली. दस्तूर म्हणून बुरुल-एजेला तिनं दोन नान नेले होते. ते तिनं घेतले आणि फडक्यात जेरेनियमची एक फांदी बांधून दिली.

परवाना आला तेव्हा जर्दाळूच्या कळ्या अजून बंदच होत्या. नवा कागद जुन्यासारखाच होता, फक्त नवऱ्याच्या नावाची ओळ त्यात नव्हती. दोघी कचेरीतून परतल्या. गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तर समोर दोरी. एक टोक विजेच्या खांबाला, दुसरं मामासोलीच्या मुठीत. म्हातारा धापा टाकत होता, पण ताठ उभा होता.

"कोण ती? दस्तूर टाकल्याशिवाय पुढे पाऊल पडणार नाही!"

अंझिरत थांबली. तिच्या केसांत पांढऱ्या तारा होत्या, हातात भाजीची पिशवी होती. पोरं जमली, दारांतून बायका डोकावल्या. तिला पायांखालच्या फळ्या दिसल्या. हलणाऱ्या, मधून पाणी दिसणाऱ्या. पलीकडच्या टोकाला आई उभी होती, हातात फडकं.

"दोरी खाली ठेवा, ओता," ती म्हणाली, "तर नान गरम मिळेल."

"अजून बोलकीच आहे बाई," ओयी म्हणाली. गल्ली हसली.

घरी आल्यावर ओयीनं रुमालही सोडला नाही. स्टूल ओढलं, वर चढली आणि खिळ्यावरचा नान उतरवला. फडकं सोडलं, खलबत्त्याच्या दांड्यानं त्याचे तुकडे केले, मोठ्या वाडग्यात टाकले आणि वरून उकळता चहा ओतला. तुकडे भिजायला बराच वेळ लागला. दोघी बसून बघत होत्या.

ओयीनं वाडगा सुनेपुढे सरकवला.

"ओयी, हा दुसऱ्या कुणी खायचा नसतो."

"हो ना. मग खा."

चव कसलीच नव्हती. भिजल्या कागदाची असते तशी. ओयीचे डोळे वाहत होते. ती ते पुसत नव्हती, चमच्यानं खात होती. वाडगा संपल्यावर तिनं तळातला चुरा बोटानं गोळा केला, कारण अन्न टाकायचं नसतं, आणि म्हणाली, "पिठात तेव्हाही पाणी जास्तच झालं होतं तुझ्या."

"पीठ वाईट होतं," अंझिरत म्हणाली.

फडकं तिनं त्याच संध्याकाळी धुऊन वाळत घातलं. सकाळी तंदूरचा पहिला नान त्यात गुंडाळून ती मामासोलीच्या दाराशी गेली. म्हाताऱ्यानं नान हातात घेतला, चटका बसला म्हणून या हातातून त्या हातात केला, आणि आत जाऊन वाळल्या तुतींची एक मूठ आणून फडक्यात घातली. कालव्याच्या पलीकडे कुणी तरी तंदूर पेटवला होता. धूर सरळ वर जात होता. अंझिरत तुती खात, हळूहळू घराकडे चालत आली.